नकाशावरच्या लाल टिकल्या

आधी एक अट. मी हे सांगत असताना मध्ये कोणी हसायचं नाही. शेवटी एकदम हसा, टेबलावर हात आपटून हसा, पण मध्ये नको. मध्ये कोणी हसलं की मला राग येतो, राग आला की मी बातमी लिहितो, आणि मी रागात बातमी लिहिली की काय होतं, त्याचाच तर हा किस्सा आहे!

पनवेलला नगरपरिषद होती तेव्हाची गोष्ट. महानगरपालिका अजून व्हायची होती. मी एका दैनिकाचा पनवेलचा वार्ताहर. जुना, खमक्या आणि कायम चिडलेला. एसटी स्टँडसमोर मला बघितलं की रिक्षावाले आपणहून मीटर टाकायचे. दहशतच तशी!

आमच्या बाजारपेठेच्या मागून खाडीचा एक फाटा गावात शिरतो. एके काळी भरतीला मचवे थेट धक्क्याच्या पायऱ्यांना लागायचे म्हणे. कौलं उतरायची, मीठ चढायचं. आमच्या वेळेपर्यंत त्या पायऱ्या गाळात गेल्या होत्या. भरतीबरोबर थर्माकोल वर यायचा आणि ओहोटीला तो काही परत जायचा नाही. काठावर एका बाजूला कोळीवाडा, दुसऱ्या बाजूला मोहल्ला, मधे आमची आळी. माझं घर अगदी काठावर. पावसाळ्यात पाहुणे यायचे ते नाकाला रुमाल लावूनच चहा प्यायचे. कसे प्यायचे ते मला विचारू नका.

नगरपरिषदेनं यावर सोपा उपाय काढला होता. फाट्यावर स्लॅब टाकायचा आणि वर पार्किंग करायचं. खाडीच दिसली नाही तर घाण कुठली दिसणार? मी त्यावर लिहून लिहून बोटं झिजवली. शेवटी नवे मुख्याधिकारी आले. ते म्हणाले, "ठीक आहे. लोकांनी मिळून योजना करावी, लोक स्वतः किती झटायला तयार आहेत ते दाखवावं. पटलं तर मशीन आणि डंपर आम्ही देऊ. नाहीतर स्लॅब."

ही योजना अंगावर घेतली ती रिबेकाबाई रोहेकरांनी.

बाई म्हणजे आमच्या शाळेतल्या चित्रकलेच्या बाई. बेने इस्रायली, म्हणजे आपल्याकडच्या मराठी ज्यू. घराणं पिढ्यान्पिढ्या कोकणातलं, घरात बोलणं मराठी, जेवणात नारळाचं दूध. भावंडं आणि मुलगा केव्हाच इस्रायलला गेले होते, बाई तेवढ्या मागे राहिल्या होत्या. दिवाळीनंतर त्याही कायमच्या मुलाकडे जाणार होत्या. लहानपणी त्या धक्क्याच्या पायरीवर बसून मचव्यांची चित्रं काढायच्या. "जायच्या आधी ती पायरी एकदा दिसू दे, बाकी मला काही नको," असं म्हणायच्या.

मला त्यांनी चार वर्षं चित्रकला शिकवली. म्हणजे, त्यांनी शिकवली, मी शिकलो नाही. माझं चित्र हातात घेऊन त्या उलटंसुलटं बघायच्या आणि म्हणायच्या, "सुध्या, गाय कुठली आणि झाड कुठलं ते खाली लिहीत जा, बाळा. बघणाऱ्याचे हाल होतात." तेव्हापासून माझ्या प्रत्येक चित्राखाली पाटी असायची. ही गाय. हे झाड. हा मी.

तर बाईंनी शुक्रवारी दुपारी तीन वाजता वाचनालयाच्या हॉलमध्ये खाडीकाठच्या लोकांची सभा बोलावली. दुपारीच का? कारण शुक्रवारी सूर्य मावळायच्या आत बाई घरी जाऊन दिवे लावतात, आणि मग शनिवारी संध्याकाळपर्यंत कामाला, फोनला, पेन्सिलीला हात लावत नाहीत. हे मला शाळेपासून माहीत. तुम्हीही लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे. मी मात्र लक्षात ठेवलं नाही!

सभेला मी साडेपाचला पोचलो. नाकं मुरडू नका. वार्ताहरानं सभेला वेळेवर जायचं नसतं. वेळेवर गेलं की भाषणं ऐकावी लागतात. शेवटी जायचं, टेबलावरची प्रेसनोट उचलायची, वडा असला तर खायचा आणि निघायचं. पण त्या दिवशी हॉल रिकामा. वडा नाही, प्रेसनोट नाही. भिंतीवर फक्त एक भला मोठा नकाशा.

बाईंनी हातानं काढलेला. खाडीचा फाटा आणि काठावरचं एकूण एक घर. कोळीवाड्यातलं हिराबाईंचं घर, त्यांच्या ओट्यासकट. इक्बालभाईंचं बांगड्यांचं दुकान आणि वरचं घर. आणि घराघरावर... लाल ठिपका!

मी जवळ गेलो. ठिपके नव्हते, टिकल्या होत्या. बायका कपाळाला लावतात त्या. पिवळ्या होत्या, हिरव्याही होत्या, पण त्या इकडेतिकडे, काठावर, मोकळ्या जागेत. लाल मात्र बरोबर घरांवर. माझ्या घरावर तर एक नाही, दोन!

आता तुम्ही म्हणाल, मग त्यात काय? अहो, पनवेलमध्ये राहून असं विचारता? रस्ता रुंद करायचा होता तेव्हा नगरपरिषदेची माणसं येऊन भिंतींवर लाल फुल्या मारून गेली होती. फुली आली की ओटा गेला, असा हिशेब. त्यात त्या वर्षांची हवाच तशी. विमानतळ येणार, विमानतळ येणार. उलव्याकडे जिकडेतिकडे बांधकाम, कळंबोलीपासून भरावाच्या गाड्यांची रांग. रस्त्यात कोणी टेप धरून उभा दिसला तरी लोक विचारायचे, "कोणाची गेली?"

तर लाल म्हणजे काय, हे मला कोणी सांगायची गरज नव्हती. घरं पाडणार! सुशोभीकरणाच्या नावाखाली काठ मोकळा करणार! आणि माझ्या घरावर दोन म्हणजे काय? दोनदा पाडणार?

हां, एक गोष्ट सांगायची राहिली. नकाशाच्या खालच्या भागासमोर खुर्च्यांची चळत लावलेली होती. तिच्यामागे काहीतरी लिहिल्यासारखं दिसत होतं. खुर्च्या हलवल्या असत्या तर वाचता आलं असतं. पण तुम्हीच सांगा, एवढी मोठी बातमी हाताला लागल्यावर खुर्च्या कोण हलवत बसतो?

तसाच ऑफिसात गेलो आणि बातमी ठोकली. 'खाडीकाठच्या घरांवर लाल शिक्का! सुशोभीकरणाच्या नावाखाली बेघर करण्याचा डाव. नागरिकांमध्ये संतापाची लाट.' लाट तेव्हा फक्त माझ्यात होती. नागरिकांना ती सकाळी पेपर वाचल्यावर यायची होती.

मुंबईहून संपादकांचा फोन आला. "पुरावा?"

"डोळ्यांनी पाहिलंय."

"त्या बाईंची बाजू?"

"फोन वाजतोय, उचलत नाहीत."

"बरं. मग तसं लिहा."

लिहिलं. 'प्रतिक्रिया देण्याचे टाळले.' सूर्य मावळून तासभर झाला होता. डोक्यात प्रकाश पडायला एवढं पुरेसं होतं की नाही? पण माझं डोकं तेव्हा पेटलेलं होतं. पेटलेल्या डोक्यात प्रकाश पडत नाही.

घरी आलो तर बायको, मंदा, ताट वाढत होती. म्हणाली, "मी आज तुमच्या नावाची टिकली लावली हो."

मी आमटीकडे बघत म्हटलं, "छान दिसतेय."

"अहो, मी काय म्हणतेय..."

"उद्या पेपर बघ," मी म्हटलं. बातमी छापून येण्याआधी घरातसुद्धा फोडायची नाही, हा माझा नियम. त्या नियमानं माझं किती नुकसान झालं, याचा आता हिशेबही लागत नाही.

शनिवारी सकाळी दारात ही गर्दी! सगळ्यात पुढे हिराबाई. हिराबाई म्हणजे मासळी बाजारातला बुलंद आवाज. त्या भाव सांगतात तेव्हा पलीकडच्या गल्लीतलं गिऱ्हाईक घासाघीस करतं.

"भाऊ, ह्ये काय छापलास? माज्या घरावर लाल टिकली मीच लावली हाय. माज्या हातानं!"

"तुम्ही?"

"मंग! बाई बोल्ल्या, घरटी एक मानूस घेनार. ज्याला पटल त्यानं लाल टिकली लावायची. मला पटला, मी लावली."

घरटी एक माणूस! अहो, हे शब्द आमच्या पनवेल-उरणच्या माणसाला झोपेत ऐकवले तरी तो दचकून उठेल. जमिनी घेताना दरवेळी हेच तर सांगितलं जातं, घरटी एक माणूस नोकरीला घेऊ!

मी आवाज खाली आणला. "हिराबाई, घरटी एक माणूस, हे याआधी कधी ऐकलंत?"

हिराबाई विचारात पडल्या. "माज्या मामाच्या गावाची जमीन घेतली, तवा बोल्ले व्हते."

"आणि घेतला का माणूस?"

"कुटला! मामा वाट बगून बगून गेला."

हिराबाईंनी आपल्या बोटाकडे असं बघितलं, जसा काही त्याच बोटाचा ठसा त्यांनी कागदावर उठवून दिलाय.

"म्हंजे आमच्याच हातानं..."

"गोड बोलून!" मी म्हटलं.

मंदा मागून म्हणाली, "अहो, तसं नाहीये ते. मी होते ना तिथे. रविवारी..."

"मंदा, तू यात पडू नकोस. दबाव माझ्यावर बाहेरून येतोच आहे, घरातून नको!"

ती माझ्याकडे बघत राहिली, मग पदर खोचून आत गेली. लग्नाला इतकी वर्षं झालेली बाई अशी न भांडता आत जाते, तेव्हा नवऱ्यानं सावध व्हायचं असतं. मी नाही झालो.

तेवढ्यात इक्बालभाई आले, दुकान तसंच उघडं टाकून. हे माझ्याच वर्गातले. सभेला यांची बायको गेली होती, हे दुकानात होते.

"सुधाकरभाई, तौबा तौबा! टिकल्या तर माझ्या दुकानातल्या आहेत. बाईंनी मागितल्या, मी पाकिटंच्या पाकिटं दिली."

"कशाला हव्यात, विचारलं नाहीत?"

"बाईंना विचारणार? मी? अरे, त्यांनी आजही 'इक्बाल, नखं दाखव' म्हटलं तर मी हात पुढे करीन."

"म्हणजे नकळत का होईना, हत्यार तुम्ही पुरवलंत."

"टिकली... हत्यार?" इक्बालभाई मटकन ओट्यावर बसले. "सकाळपासून एका बाईनं लाल टिकली घेतली नाही हो दुकानात. मला वाटलं फॅशन बदलली!"

मग काय विचारता! दुपारपर्यंत कोळीवाडा, मोहल्ला आणि आळी, एरवी नळाच्या पाण्यावरून एकमेकांचं तोंड न बघणारे तिघे, एकत्र वाचनालयासमोर उभे. मी पायरीवर चढून भाषण केलं. बायका म्हणाल्या, आम्ही आत जाऊन नकाशा बघून येतो. मी म्हटलं, जरूर बघा, डोळे उघडतील. त्या आत गेल्या, मी बाहेर घोषणा देत राहिलो. बऱ्याच वेळानं बायका बाहेर आल्या. चेहरे एकदम निवांत. मला वाटलं, माझ्या भाषणाचा परिणाम.

बाईंना मी दिवसभर फोन केले. वाजतोय, उचलत नाहीत. दुसरी बातमी तयार! 'घरटी एक नोकरीचे गाजर! समितीचे सूचक मौन.'

रविवारी सकाळी मुख्याधिकारी योजना बघायला यायचे होते. हॉल गच्च भरलेला. बाई आल्या. हातात दोन्ही दिवसांचे पेपर, घडी घातलेले. मला वाटलं आता चिडतील. चिडल्या नाहीत. शाळेत माझं चित्र बघताना बघायच्या तसंच बघितलं, उलटंसुलटं. नकाशाची गुंडाळी शिपायानं आदल्या संध्याकाळी करून ठेवली होती, ती त्यांनी टेबलावर ठेवली.

साहेब आले, बसले, घड्याळाकडे बघितलं. "रविवार आहे, थोडक्यात होऊ द्या."

बाई उठणार तोच मी उठलो.

"साहेब! हा नकाशा उघडायच्या आधी मला बोलायचंय!"

"बोला, पत्रकार महाशय."

"या नकाशावरची एकेक लाल टिकली म्हणजे काठावरच्या एकेका कुटुंबाचा प्रश्न आहे. माझी मागणी आहे, हा नकाशा जसा आहे तसा, आत्ता, सगळ्यांसमोर दप्तरी घ्या! एकही टिकली इकडची तिकडे होता कामा नये! ज्या घरावर जेवढ्या लाल टिकल्या, तेवढी जबाबदारी लेखी निश्चित झाली पाहिजे!"

टाळ्या! हॉल दणाणला. फक्त पहिल्या दोन रांगांतल्या बायका टाळ्या वाजवत नव्हत्या. हिराबाईंनी तर पदर तोंडाशी धरला होता. मला वाटलं, गहिवरल्या.

साहेब बाईंकडे वळले. "तुमचं काही म्हणणं?"

"माझी हरकत नाही," बाई म्हणाल्या. "मीही लेखीच मागणार होते."

साहेबांनी आपल्या लेखनिकाला खूण केली. "घ्या लिहून. जसा आहे तसा."

बाईंनी नकाशा उलगडला.

काठ रिकामा! कोळीवाड्यात एक लाल टिकली नाही. मोहल्ल्यात नाही. आळीत नाही. आणि मधोमध एक घर, एकच घर, असं लालभडक, जसा त्याला गोवर निघालाय. भिंत दिसत नव्हती, छप्पर दिसत नव्हतं. टिकल्यांवर टिकल्या. काही तर अंगणात ओघळल्या होत्या.

माझं घर!

मग मी बाईंकडे पाहिलं. त्यांचा हात नकाशावरच राहिला होता. कोळीवाड्यावरून, मोहल्ल्यावरून बोट फिरवत त्या हळूच म्हणाल्या, "शुक्रवारी सगळे होते. कुठे गेले सगळे?"

साहेबांनी चष्मा वर केला. "बाई, लाल म्हणजे काय ठरलंय?"

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. "सुध्या, इकडे ये. खाली लिहिलंय ते वाच. मोठ्यानं."

गेलो. वाकलो. नकाशाच्या तळाशी, सुरेख अक्षरात, खुर्च्यांमागे लपलेलं ते सगळं होतं. मी वाचलं, "पिवळी टिकली, इथे दिवा हवा. हिरवी टिकली, इथे झाड हवं. लाल टिकली..." आणि थांबलो.

"थांबलास का? जोडाक्षर आलं?"

"लाल टिकली, या घरातून दर रविवारी एक माणूस खाडी साफ करायला येईल."

"घरटी एक माणूस," बाई म्हणाल्या. "नोकरीला नाही रे, श्रमदानाला."

"पण या टिकल्या माझ्या घरावर..."

तेव्हा हिराबाई उठल्या. "भाऊ, तूच बोल्लास घरं जानार. मंग आमी बायांनी शनवारी आपापल्या टिकल्या काढल्या. पन काढून टाकायच्या कुटं? कुंकवाची टिकली कोन फेकतंय? मंग मीच बोल्ली, पेपरवाल्याच्या घरावर लावा. त्याच्या घराला हात लावायची कुनाची छाती हाय? तिकडं बिनघोर रातील."

पहिल्या रांगेतून इक्बालभाईंच्या बायको म्हणाल्या, "हमने भी वहीच लगा दी, भाईजान. बुरा मत मानना."

साहेबांनी खाकरून विचारलं, "पत्रकार महाशय, तुमच्या घरात माणसं किती?"

मंदा मागच्या रांगेतून शांतपणे म्हणाली, "दोन, साहेब. मी आणि हे. शुक्रवारी मी दोनच लावल्या होत्या. बाकीच्यांच्या वाटचंही हेच करतील. ह्यांना लेखी हवं होतं ना?"

शनिवारी सकाळी ती न भांडता आत का गेली होती, ते मला तेव्हा कळलं.

साहेब हसले नाहीत. तोच तर धोका होता. त्यांनी नकाशाकडे बघितलं, घड्याळाकडे बघितलं आणि म्हणाले, "बाई, मी अडचणीत आहे. मी नकाशावर जाणार. नकाशावर एकच घर तयार दिसतंय. एका घराच्या भरवशावर मी स्लॅब कसा थांबवू?"

झालं! एवढी वर्षं ज्या स्लॅबच्या विरोधात लिहिलं, तो स्लॅब माझ्याच बातमीवर उभा राहणार! आणि ही बाई गाळाखालची पायरी न बघताच विमानात बसणार!

"आमच्या टिकल्या परत द्या!" हिराबाई गरजल्या आणि थेट टेबलाशी आल्या. मागून सगळ्या बायका. नखानं टिकली उचलायची, आपल्या घरावर लावायची, दाबायची. लावली, पडली. पुन्हा लावली, पुन्हा पडली! दोनदा उपटलेल्या टिकलीला गोंद कुठला राहतो? इक्बालभाईंकडे सगळे बघायला लागले. ते कळवळून म्हणाले, "एका कपाळाची गॅरंटी असते हो, नकाशाची नाही!"

हिराबाई चिडल्या. हातातली टिकली नकाशावर राहीना. मी शेजारीच उभा, घामानं डबडबलेला. त्यांनी काय करावं? ती टिकली उचलली आणि फाटकन माझ्या कपाळावर दाबली.

"हितं बग कशी चिकटली!"

बसली! अगदी मधोमध! हॉल असा फुटला की काय सांगू. साहेबांनी तोंड वळवून खिडकीबाहेर बघितलं, त्यांचे खांदे हलत होते. मी टिकली काढायला हात वर केला तर बाई कडाडल्या, "हात खाली! एकही टिकली इकडची तिकडे होता कामा नये, कोण म्हणालं होतं?"

मी हात खाली केला. चाळिशी उलटलेला माणूस, तालुक्याला धाक असलेला, आणि मी हात खाली केला!

मग हिराबाई साहेबांकडे वळल्या. "सायेब, टिकली नाय चिकटत तर नाय चिकटत. हात तर हायेत ना आमचे?" आणि त्यांनी हात वर केला. इक्बालभाईंच्या बायकोनं केला. आळीतल्यांनी केला. हळूहळू सगळा हॉल हात वर करून उभा. सगळ्यात शेवटी मी. कपाळावर टिकली घेऊन.

साहेबांनी लेखनिकाला सांगितलं, "लिहा. स्लॅबचा प्रस्ताव तूर्त बाजूला. दर रविवारी काम, मशीन आणि डंपर आमचे." मग पेन माझ्याकडे करून, "आणि या घराची विशेष नोंद घ्या. जशी आहे तशी."

मंगळवारच्या पेपरात आतल्या पानावर, मूळव्याधीच्या जाहिरातीखाली, एक खुलासा आला. 'लाल टिकलीचा घरे पाडण्याशी संबंध नाही. दिलगीर आहोत.' तो मीच लिहिला होता. आयुष्यात लिहिलेली सगळ्यात छोटी बातमी. गावानं सगळ्यात जास्त वाचली तीच!

पुढच्या रविवारी काठावर माणूस मावेना. सगळे श्रमदानाला आले होते असं समजू नका. पेपरवाला गाळात उतरतो म्हणजे नक्की कसा दिसतो, ते बघायला आले होते. पण आलेला माणूस उगाच किती वेळ उभा राहणार? हातात घमेलं आलं, मग रांग लागली. मी सगळ्यात पुढे, कमरेपर्यंत. विशेष नोंद होती ना! "भाऊ, माज्या वाटचं बी काड!" हिराबाई वरून ओरडायच्या आणि ओरडता ओरडता स्वतःच खाली उतरायच्या.

गणपती झाले, नवरात्र झालं, आणि दिवाळीच्या तोंडावर, ओहोटीला, पहिली पायरी दिसली. काळी, बुळबुळीत, कडेला मचव्याचा दोर बांधायची लोखंडी कडी. बाई तिच्यावर बसायचं म्हणून चटई घेऊन आल्या होत्या. त्यांनी कडीवरून हात फिरवला, चटई अंथरली, मांडीवर वही घेतली आणि दुपारभर चित्र काढलं. पायरी, पाणी, घमेल्यांची रांग, हिराबाई, इक्बालभाई, आणि पुढे गाळात मी.

जाताना ते चित्र त्या वाचनालयाला देऊन गेल्या. हॉलमध्ये, नकाशा होता त्याच भिंतीवर ते लावलंय. कधी गेलात तर बघा. गावात कोणी पाहुणा आला की मीच त्याला दाखवायला नेतो.

पाहुणा आधी लांबून बघतो. मग जवळ जातो. मग म्हणतो, "वा! काय हात आहे बाईंचा! आणि ती गाळात बसलेली म्हैस तर अगदी जिवंत!"

मग मी मुकाट्यानं चित्रासमोरच्या खुर्च्या बाजूला करतो आणि बोट दाखवतो, "खाली लिहिलंय, ते वाचा."

खाली बाईंच्या सुरेख अक्षरात पाटी आहे. 'हा सुध्या.'